नोरीनच्या गाडीचा गिअरबॉक्स

डेल्बर्ट योकम माझ्या दुकानात आला तेव्हा त्याच्या बायकोला पुरून चौदा दिवस झाले होते, आणि त्याला साडेसहाशे अश्वशक्तीचं इंजिन झेपेल असा गिअरबॉक्स हवा होता. कशी आहेस वगैरे काही नाही. टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "मर्ना, मजबुतातला मजबूत दे. हाताने टाकायचा. ऑटोमॅटिक नको."

मी गिअरबॉक्स दुरुस्त करते. इंडियानात, हार्लन फोर्कमध्ये, सत्तावीस वर्षं. आधी नवऱ्याबरोबर करत होते. तो दातांच्या दवाखान्यातल्या एका बाईबरोबर फ्लोरिडाला पळाला, तेव्हापासून एकटी करते आणि जास्त चांगलं करते. बाईमाणूस म्हणून कुणी शंका काढली तर त्याचा गिअरबॉक्सचा खोका त्याच्या हातात देऊन त्याला वाटेला लावते. हे एवढ्यासाठी सांगितलं की पुढे मी जे केलं ते न कळून केलं असं कुणी समजू नये. मला सगळं कळत होतं.

डेल्बर्ट म्हणजे अगदी सरळ माणूस. गावात गिअरबॉक्सचा कारखाना होता, तिथे एकतीस वर्षं एकाच जागी उभं राहून त्याने झाकणाचे बोल्ट आवळले. वेगाची त्याला धास्ती. हायवेवर पुढचा ट्रक मागे टाकायचा तर दोन मैल विचार करणार, आणि मग म्हणणार की जाऊ दे, तोही तिकडेच चाललाय. आणि याच्या वाट्याला बायको आली नोरीन! आठवडाभर शाळेची पिवळी बस चालवायची, पोरांना दम भरायची, आणि शनिवारी बेअर क्रीकच्या शर्यतीच्या पट्टीवर एकोणसत्तर सालची लाल शेवरोले पाव मैल अशी काढायची की आमच्यातले बाप्ये तोंडात बोट घालायचे. डेल्बर्टचं काम चाकात हवा भरायचं, पाणी बघायचं, गाडी ट्रकमागे लावून घरी न्यायचं. नोरीन सुटली की हा पट्टीकडे पाठ करून उभा. बघवायचं नाही त्याला. पण ती परत आली की म्हणायचा, "तिसरा गिअर उशिरा टाकलास." आणि ते बरोबर असायचं. कान होता त्याला, एकतीस वर्षांचा.

बेअर क्रीकला दोन पंगती असतात. एका बाजूला आम्ही, तीन पेडलवाले. आमच्या गाडीला क्लच असतो, गिअर आम्ही हाताने टाकतो आणि चुकलो तर आमचं आम्ही भोगतो. दुसऱ्या बाजूला ऑटोमॅटिकवाले. ते नुसते बसतात आणि गाडी पळते, म्हणून त्यांना आम्ही सोफेवाले म्हणतो. तोंडावर म्हणतो. आमच्यातला कुणी तिकडे गेला तर वर्षानुवर्षं त्याची टिंगल होते, आणि पहिली टिंगल करणारी मीच असते. आमची आणखी एक रीत आहे. हिवाळ्यात आपल्यातलं कुणी गेलं तर मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळे आपापली इंजिनं बंद करतात आणि त्या माणसाची गाडी एकटी, सगळ्यांच्या आधी, एकदा पट्टीवरून पळवतात. त्यानंतर मोसम सुरू. सन अठ्ठ्याण्णवच्या मेमध्ये ती गाडी नोरीनची असणार होती.

नोरीनने नवं इंजिन मागवलं होतं. जुनं काढून हे घालायचं, जवळजवळ दुप्पट ताकदीचं. ते आलं नेमकं तिच्या दफनाच्या दिवशी. चर्चच्या तळघरात आम्ही हॅम आणि बटाटे किसून केलेली भाजी वाढत होतो, आणि ट्रकवाला दारात येऊन विचारतो, "योकम कोण? सही पाहिजे." डेल्बर्टने प्लेट खाली ठेवली, सही केली, परत येऊन प्लेट उचलली. रडला नाही. तेव्हाही नाही आणि कबरीपाशीही नाही. लोक म्हणाले, घट्ट मनाचा आहे. घट्ट कसला! तो तिथे नव्हताच.

तर तो माझ्यासमोर उभा होता आणि मी कोरा कागद ओढला. गिअरबॉक्स निवडायचा तर इंजिनाची ताकद हा शेवटचा प्रश्न असतो. लोकांना हे कळत नाही. खोका इंजिनामुळे फुटत नाही. क्लच सोडल्याक्षणी मागची चाकं रस्त्याला किती चिकटून बसतात आणि सोडणारा पाय कसा सोडतो, यावर तो फुटतो. म्हणून मी सवयीने विचारत गेले.

"गाडीचं वजन?"

"ती बसल्यावर सतराशे किलोच्या आसपास."

माझा हात थांबला. त्याच्या लक्षात आलं नाही.

"मागचे टायर?"

"मऊ. ती कडक घेत नाही."

"क्लच कसा सोडते?" हे माझ्याच तोंडून गेलं. सोडायची, असं म्हणायला हवं होतं.

"एकदम. पाय काढूनच घेते. आणि गिअर टाकताना अ‍ॅक्सिलरेटर सोडत नाही, तुला माहितीये."

"माहितीये."

"पाय तिचा लांब आहे. दांडा थोडा मागे घे."

मी सगळं लिहून घेतलं. गाडी कोण चालवणार ते विचारलं नाही.

मग मी त्याला तीन पर्याय सांगितले. एक, आपल्या गावच्या कारखान्याचा जुना चार गिअरचा खोका, ज्याची झाकणं त्याने स्वतः आवळलेली. गावाचा अभिमान वगैरे ठीक आहे, पण एवढ्या ताकदीसाठी तो कधी केलेलाच नव्हता. अशा पायाखाली तो दोन शनिवार टिकला असता. दुसरा, नवा पाच गिअरचा. लोण्यासारखा पडतो, हायवेला सुख आहे, पण त्याच्या तिसऱ्या गिअरचे दात झडले असते. तिसरा शर्यतीचा. सरळ दातांचा, चार गिअरचा, दगडासारखा. किंचाळतो, हळू चालवलं तर खडखडतो, पण साडेसहाशे काय, आठशेही गिळून ढेकर देईल. त्याला क्लचही तसाच लागतो, कडक स्प्रिंगांचा.

"आपला नको?" त्याने एकदाच विचारलं.

"डेल्बर्ट, तू आवळलेली झाकणं उघडणार नाहीत. आतलं सगळं फुटेल."

"मग तिसरा."

टोपी उचलून दारापर्यंत गेला आणि तिथे, दाराकडे तोंड करून, म्हणाला, "सोमवारी आमचं भांडण झालं होतं. ती जायच्या आधीच्या सोमवारी. मी म्हटलं, गुडघा गेलाय तुझा, आता तरी ऑटोमॅटिक घे. ती म्हणाली, मेले तरी सोफ्यावर बसणार नाही. मंगळवारी बोलली नाही. बुधवारी बोलली नाही. गुरुवारी सकाळी कॉफी गाळता गाळता पडली." मग म्हणाला, "रागातच गेली, मर्ना." हे सगळं त्याने दुकानाची वेळ सांगावी तसं सांगितलं.

आता माझं ऐका. त्या मंगळवारी, दहा फेब्रुवारीला, बसची सकाळची फेरी संपवून नोरीन माझ्या दुकानात आली होती. लंगडत. मागच्या हिवाळ्यात बसच्या पायरीवरून घसरली तेव्हापासून डावा गुडघा कामातून गेलेला. काउंटरवर कोपरं टेकली आणि म्हणाली, "मर्ना, हसलीस तर जीव घेईन. ऑटोमॅटिक पाहिजे."

मी हसलेच. "सोफ्यावर बसणार?"

"बसणार. त्याचं बरोबर आहे गं, मेल्याचं. क्लच दाबला की डोळ्यांपुढे तारे दिसतात. पण आत्ता त्याला सांगायचं नाही. नाताळपर्यंत माझं डोकं खाईल. दोन-चार दिवस तोंड फुगवून बसते, जरा टरकू दे त्याला. शनिवारी बाहेर जेवायला नेते आणि सांगते."

मी मागणी लिहिली, तिने खाली सही केली. "आणि आपल्या पंगतीतल्या त्या क्लेटनला कळलं तर तुला सोडणार नाही," असं बजावून गेली. शनिवार चौदा तारखेला होता. ती बारा तारखेलाच गेली.

म्हणजे डेल्बर्ट दाराशी उभं राहून ते सांगत होता तेव्हा ती सही केलेली पावती माझ्यामागच्या खिळ्यावर टोचलेली होती. हात मागे केला असता तर मिळाली असती. मी नाही केला. दफन झाल्यावर मी स्वतः फोन करून ती मागणी रद्द केली होती, का माहितीये? नोरीनची लाज झाकायला! तीस वर्षं तीन पेडलांवर काढलेली बाई शेवटी सोफ्यावर गेली, हे पंगतीत कुणाला कळू नये म्हणून. मेच्या त्या शनिवारी तिची गाडी आमच्या बाजूने, आमच्यासारखी निघावी म्हणून. आणि नवरा हाताचाच गिअर मागतोय म्हटल्यावर मला बरंच वाटलं. म्हटलं, आपोआप निभावलं. मूर्ख बाई!

खोका तीन आठवड्यांनी आला. तेव्हापासून डेल्बर्ट रोज दहाला यायचा. मी सांगेन ते करायचा. सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायचा, पुसायचा, ओळीत मांडायचा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं कवच केसभर जरी तिरकं बसलं तरी नवा खोका महिन्यात खलास होतो, म्हणून ते डायल लावून मोजावं लागतं. लोक कंटाळून सोडतात. हा चार दिवस मोजत बसला. एकदा पत्र्याने त्याचा तळहात चिरला आणि रक्त फरशीवर ठिबकत होतं तरी हा आकडा वाचतोय. मी ओरडले, "अरे हात बघ!" त्याने पाहिलं. "हो की," म्हणाला. मी पट्टी बांधेपर्यंत तो डायलकडेच बघत होता. दुपारी खारी बिस्किटं खायचा, चार. बायकांनी दिलेली भांडी त्याच्या घरी फ्रीजमध्ये तशीच होती, झाकणं न उघडलेली. मी एकदा जाऊन सगळं फेकलं आणि भांडी घासून ज्याची त्याला परत केली.

क्लेटन प्रुइट अधूनमधून डोकावायचा. हा आमच्या पंगतीचा पुढारी, पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. नोरीनची गाडी त्या शनिवारी हा चालवणार होता.

"काय डेल्बर्ट, दगड बसवतोयस की काय? आता तरी पट्टीकडे तोंड करून उभा राहा बाबा!"

"बघू."

"सोफेवाल्यांचे दात घशात गेले पाहिजेत. नोरीन वरून बघत असेल."

"असेल," डेल्बर्ट म्हणाला आणि पुसलेला बोल्ट परत पुसायला घेतला.

मी दोनदा सांगायला निघाले. खरंच निघाले. एकदा तोंड उघडलं आणि कॉफी घेणार का विचारलं. दुसऱ्यांदा वाटलं, या माणसाकडे आता एवढंच काम उरलंय, तिचा हट्ट पुरवायचं. तेही मी काढून घेतलं तर उद्या दहा वाजता तो कुठे जाईल? असं मी स्वतःला समजावलं, आणि मला ते पटलंसुद्धा. आपल्याला सोयीचं असलं की पटतंच.

तीस एप्रिलला, गुरुवारी, गाडी तयार झाली. शनिवारला दोन दिवस. फक्त पेडलची उंची जुळवायची राहिली होती. मी खाली वाकले आणि डेल्बर्टला म्हटलं, "आत बस आणि क्लच दाब." तो नोरीनच्या जागेवर कधीच बसला नव्हता. बसला. डावा पाय ठेवला आणि दाबला. अर्ध्यावर थांबला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून परत दाबला. पाय थरथरत खालपर्यंत गेला आणि पेडलने तो वर फेकला.

मग म्हणाला, "मर्ना, हे तिला दाबता आलं नसतं."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"माझे दोन्ही गुडघे शाबूत आहेत. मला जड जातंय. तिला एकदाही जमलं नसतं." त्याने माझ्याकडे बघितलं. "तुला माहिती होतं. क्लच तूच निवडलास."

"तिलाही माहिती होतं," मी म्हटलं.

मग काय, आत गेले आणि खिळ्यावरून ती पावती काढून आणली. त्याने गाडीतच बसून वाचली. वाचायला फार नव्हतं. ऑटोमॅटिक, तारीख, सही. मी सगळं सांगितलं, जसं झालं तसं. गुडघा, तारे, नाताळ, तोंड फुगवणं, शनिवारचं जेवण. मागणी मीच रद्द केली आणि कशासाठी केली, तेही सांगितलं.

"म्हणजे ती रागावली नव्हती."

"नव्हती रे."

"गंमत करत होती."

"हो."

त्याने पावतीची नीट घडी घातली. "सत्त्याहत्तर दिवस," तो म्हणाला. "सत्त्याहत्तर दिवस मी रोज सकाळी कॉफी गाळताना तिची माफी मागतोय. मोठ्याने. तुझ्या मागे खिळ्यावर हे होतं."

आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, चुकले, डेल्बर्ट. तो गाडीतून उतरला आणि पायीच घरी गेला. अडीच मैल.

शनिवारी नोरीनची गाडी पट्टीवर गेली नाही. सगळ्यांनी इंजिनं बंद केली होती, क्लेटन हेल्मेट घेऊन उभा होता. मी मध्ये जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, की नोरीनने ऑटोमॅटिक मागवला होता आणि मी तो लपवला. कुणीतरी हसलं. क्लेटनने त्याच्याकडे बघितलं तसं थांबलं. मग क्लेटन मला म्हणाला, "बाई, आम्ही तिला महिनाभर चिडवलं असतं. त्यापलीकडे काय केलं असतं गं?" महिनाभराच्या चिडवण्यासाठी मी एका माणसाला अडीच महिने जाळलं होतं. मोसम तसाच सुरू झाला.

पुढच्या सोमवारी दहाला डेल्बर्ट आला. म्हणाला, "तो काढ. तिने मागितला होता तो बसव. मी हात लावणार नाही." मी एकटीने तो दगड काढला आणि जूनमध्ये ऑटोमॅटिक बसवला. नीट बसवला, जन्मात दुसरा कुठला एवढा नीट बसवला नसेल. डेल्बर्टने शनिवारी गाडी बेअर क्रीकला नेऊन सोफेवाल्यांच्या पंगतीत लावली. पळवली नाही. शेजारी घडीची खुर्ची टाकून संध्याकाळपर्यंत बसला आणि परत घेऊन गेला. तसं तो दर शनिवारी करतो.

आणि माझ्याकडे तो अजून येतो. रोज, दहाला. मला वाटलं होतं तोंड बघणार नाही. कशी आहेस विचारत नाही, मी पुढे केलेली कॉफी घेत नाही. स्टुलावर बसतो आणि म्हणतो, "सांग."

मी सांगते. लंगडत आली, कोपरं टेकली, हसलीस तर जीव घेईन म्हणाली. तिने निळा स्वेटर घातला होता, तेही सांगते. माझ्याकडून एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर त्याला कळतं. "काल तू 'मेल्याचं' आधी म्हणाली होतीस," म्हणतो. त्याच्या बायकोचं शेवटच्या दिवसांतलं धड बोलणं माझ्यापाशी आहे, दुसऱ्या कुणापाशी नाही, म्हणून तो येतो. माझ्यासाठी येत नाही हे मला कळतं. त्याने मला अजून एक शिवी दिलेली नाही. मी वाट बघते.

संपलं की तो विचारतो, "आणखी काही बोलली?"

काल मी थकले होते आणि जिभेवर आलं होतं, की हो, तुझ्याबद्दल असं असं म्हणाली. चांगलं काहीतरी रचून द्यावं, त्याला बरं वाटेल. गिळलं. त्याचं भलं करायला एकदा गेलेच होते मी.

"नाही रे," म्हटलं. "एवढंच बोलली."

तो मान हलवत राहिला. स्टुलावरून उठला नाही.

"बरं," म्हणाला. "मग तेवढंच परत सांग."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.